गाडीचं दुखणं: पावसात शेपूट हलवणारी गाडी

आषाढ लागला की माझं टपाल ओलं व्हायला लागतं. उन्हाळ्यात एसी, थंडीत बॅटरी आणि पावसाळ्यात एकच रडगाणं: गाडी ऐकत नाही. यंदा अकरा पत्रं आली, त्यातली नऊ पावसाची. पीथमपुरात एकतीस वर्षं गाड्यांच्या चाचणी विभागात काढली, आता इंदूरच्या लोकमान्यनगरात घरामागच्या शेडमध्ये ओळखीपाळखीच्यांच्या गाड्या बघतो, एवढंच माझं भांडवल. पत्रं जशीच्या तशी छापायला जागा पुरणार नाही, म्हणून गाभा ठेवून बाकीचं कापलंय. पहिल्या पत्राला सगळ्यात जास्त जागा दिली आहे, कारण त्यातली चूक मी स्वतः करून बसलेलो आहे.

प्रश्न : काका, नमस्कार. माझी 2016 ची डिझेल हॅचबॅक आहे, 62,000 किलोमीटर झालेत. गेल्या रविवारी आई-बाबांना आणि बायकोला घेऊन ओंकारेश्वरला निघालो होतो. सिमरोल सोडून भेरूघाट उतरताना पाऊस भुरभुरत होता, वेग पन्नासच्या आसपास. एका वळणावर समोर बस दिसली म्हणून ब्रेकला जरासा पाय लावला, तर गाडीचं मागचं अंग सरकन दरीकडे गेलं. कशीबशी सावरली. तेव्हापासून बायको गाडीत बसायला तयार नाही. अलाइनमेंटवाला म्हणतो, "भिया, अलाइनमेंट आउट है." गॅरेजवाला म्हणतो मागच्या ॲक्सलचे बुश (जोडातली रबरं) गेलेत, 14,000 लागतील. मेहुणे म्हणतात डिकीत वाळूचं पोतं टाक. स्टीअरिंग एकदम सरळ आहे, गाडी रेषेत जाते. टायरचं म्हणाल तर मे महिन्यातच दोन नवे घेतलेत, पुढे टाकलेत. मग गाडी फिरली कशी?
(एक वाचक, राजेंद्रनगर)

उत्तर : तुमचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे, शेवटून दुसऱ्या वाक्यात. दोन नवे घेतलेत आणि पुढे टाकलेत. म्हणजे मागे जुनेच राहिले.

हे सगळेच करतात आणि करताना शहाणपणाचंच वाटतं. इंजिन पुढे, स्टीअरिंग पुढे, ब्रेकचा मुख्य भार पुढे, मग चांगला माल पुढेच नको का? टायरच्या दुकानातही कुणी विचारत नाही, पुढचे खोलतात, पुढेच चढवतात. कोरड्या रस्त्यावर त्याने फारसं बिघडतही नाही. पण पावसात नव्या टायरच्या खोल खाचा पाणी बाहेर फेकतात आणि रबर रस्त्याला चिकटून राहतं. मागच्या झिजलेल्या टायरला पाणी फेकायला जागाच उरलेली नसते. एकाच गाडीला दोन स्वभाव लागतात: पुढची चाकं म्हणतात वळ, मागची म्हणतात आम्ही निघालो सरळ. त्यात तुम्ही घाट उतरत होतात, म्हणजे वजन आधीच पुढे झुकलेलं. वरून ब्रेक लावला, आणखी वजन पुढे गेलं. मागच्या चाकांवरचा दाब नेमका तेव्हाच कमी झाला जेव्हा तो सगळ्यात जास्त हवा होता.

आता यातली खरी गोम. पुढची चाकं घसरली तर ते तुम्हाला हाताला कळतं. स्टीअरिंग हलकं पडतं, गाडी वळणाबाहेर सरकायला लागते, तुम्ही घाबरून ॲक्सलरेटर सोडता, वेग उतरतो आणि पकड परत येते. घाबरलेल्या माणसाचा पाय जे आपसूक करतो तेच तिथे बरोबर ठरतं. मागची चाकं मात्र सांगून सवरून घसरत नाहीत. स्टीअरिंग हातात घट्ट, सरळ, छान, आणि पाठीमागून गाडी वळून तुमच्याच पुढे यायला निघालेली. "स्टीअरिंग एकदम सरळ आहे" असं तुम्ही लिहिलंत ना, ते सरळ असणारच. नवे टायर त्याच चाकांना आहेत.

1997 च्या ऑगस्टमध्ये मी पांढऱ्या मारुती 800 मधून आईला घेऊन महेश्वरला निघालो होतो. आई मागच्या सीटवर, मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा. आदल्याच आठवड्यात मी दोन नवे टायर घेतले होते आणि अर्थातच पुढे टाकले होते. मी, जो रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेपाच ब्रेकच्या चाचण्या घेण्याचा पगार घेत होतो! मानपूरच्या घाटात, वेग चाळीस-पंचेचाळीस, एक म्हैस आडवी आली. पाय ब्रेकवर गेला आणि पुढच्या क्षणी समोर महूचा रस्ता दिसत होता. गाडी जागच्या जागी पाठमोरी. मागून येणारा ट्रक बऱ्याच अंतरावर थांबला, नाहीतर हे सदर कुणी दुसऱ्याने लिहिलं असतं. आईने डबा सावरला आणि शांतपणे विचारलं, "काही विसरलं का रे घरी?"

सोमवारी कारखान्यात जाऊन मी साहेबांकडून परवानगी काढली. तेव्हा आपल्याकडे आत्तासारखे ट्रॅक नव्हते. आज पीथमपूरजवळ नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक आहे. आम्ही आवारातल्या एका वळणावर टँकरने पाणी सोडायचो. एक गाडी, एकच वळण, एकच वेग. आधी नवे टायर मागे. वेग वाढवत नेला तशी गाडी वळणाबाहेर सरकली, ॲक्सलरेटर सोडला, परत आली. मग तेच नवे पुढे, झिजलेले मागे. पहिल्याच फेरीला गाडी गोल फिरून गवतात गेली. आमचा चाचणी ड्रायव्हर उतरला आणि दुसरी फेरी घ्यायला सरळ नाही म्हणाला. त्यानंतर मी या बाबतीत कुणाचंही ऐकत नाही: दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असो वा मागच्या, नवे मागे. पुढचे लवकर झिजतात हे खरं, मग झिजले की मागचे पुढे आणा आणि नव्याने घेतलेली जोडी परत मागे टाका.

तर तुम्ही असं करा. 14,000 खिशात ठेवा. कुठल्याही पंक्चरच्या दुकानात जाऊन पुढची जोडी मागे आणि मागची पुढे करून घ्या, अर्ध्या तासाचं काम. टायरच्या बाजूला बाण असेल तर तो टायर त्याच बाजूला राहू द्या: डाव्या अंगाचा डाव्याच अंगाला, फक्त पुढचा मागे. मग खाली वाकून जुन्या जोडीची नक्षी बघा. खाचेच्या तळाशी थोड्या थोड्या अंतरावर रबराचे आडवे बारीक उंचवटे दिसतील. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आली की खोली 1.6 मिलिमीटर उरली, आणि कायद्याने टायर संपला. पण कायदा कोरड्या-ओल्यात फरक करत नाही. नवा टायर साधारण आठ मिलिमीटर खोल असतो. पावसाळ्यात मी स्वतः तीनला टायर बदलतो. काडेपेटीतली काडी खाचेत उभी धरून नखाने खूण करा आणि पट्टीवर मोजा. खाचेत एकाच जागी मोजू नका, आत, मध्ये, बाहेर अशा तीन ठिकाणी.

आणि नक्षी भरपूर दिसली तरी वय बघा. टायरच्या बाजूला इंग्रजी अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 3217 असेल तर तो टायर 2017 च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. रबर उन्हात कडक होत जातं. नखाने दाबून बघा: दगडासारखं लागलं आणि बाजूला बारीक भेगा असल्या, तर नक्षी कितीही छान असो, ओल्या रस्त्यावर तो टायर काचेवरच्या चपलेसारखा.

आता तुमचे तिन्ही सल्लागार. अलाइनमेंटवाल्याला मोजणीचा कागद मागा, तोंडी "आउट है" चालणार नाही. तुमच्यासारख्या बहुतेक छोट्या गाड्यांत मागच्या चाकांचं अलाइनमेंट फिरवायला बोल्टच नसतो, त्यामुळे तो पुढचंच करून पैसे घेईल. मोजणीत मागचा आकडा बराच बाहेर दिसला तर तो ॲक्सल कुठेतरी आदळून वाकलेला आहे, ते वेगळं प्रकरण. बुश खरंच गेले असतील तर ते कोरड्यातही सांगतील: साठच्या वेगाने लेन बदलताना गाडीचं तोंड आधी वळेल आणि मागचं अंग अर्धा क्षण उशिरा येईल, स्पीडब्रेकरवरून उतरताना मागून "टक्" असा आवाज येईल. यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. मेहुण्यांना माझा नमस्कार सांगा आणि वाळूचं पोतं बांधकामावर परत द्या. सैल पोतं वळणावर स्वतःच घसरतं आणि एकदा का मागचं अंग फिरायला लागलं की ते जडपण त्याला आणखी फिरवतं.

एक मात्र लक्षात ठेवा, पुन्हा कधी असं झालंच तर: ब्रेक सोडा. शेपूट ज्या बाजूला चाललंय त्याच बाजूला स्टीअरिंग, आणि नजर दरीकडे नको, जिथे जायचंय त्या रस्त्यावर. डोळे जिकडे जातात तिकडे हात जातात. सावरल्याबरोबर स्टीअरिंग लगेच सरळ करायला विसरू नका, नाहीतर गाडी उलट्या बाजूला फटका मारते.

हे लिहून झाल्यावर तुमचा फोन आला, तोही इथेच नोंदवतो. जुन्या जोडीवर 0816 निघालं, म्हणजे गाडीबरोबर आलेलेच टायर, मधल्या खाचेत जेमतेम दोन मिलिमीटर. अदलाबदल केल्यावर मागचं अंग शांत झालं, आता ओल्या वळणावर गाडी पुढून थोडी बाहेर सरकते. बरोबर, तसंच होणार. पुढच्या पगाराला दोन टायर घ्या, आणि ते मागे टाका.

प्रश्न : काका, मी रोज देवासला नोकरीला जाते. परवा जोराच्या पावसात नव्वदच्या वेगाने जात होते, डिव्हायडरजवळ पाणी साठलं होतं. त्यावरून गेल्याबरोबर स्टीअरिंग एकदम हलकं झालं, जणू हातात काही नाहीच. टायर दोनच वर्षांचे आहेत, चारही सारखे. हवा मी 24 ठेवते, वडिलांची कंबर दुखते म्हणून. यात काही बिघाड असेल का?
(एक वाचक, टिळकनगर)

उत्तर : ताई, गाडीत बिघाड नाही. हवेत आहे.

तुमची गाडी त्या क्षणी रस्त्यावर नव्हतीच, पाण्यावर होती. टायर वेगाने पाण्यावर आला की पुढे पाण्याची पाचर तयार होते. खाचांना ते पाणी वेळेत बाजूला फेकता आलं नाही तर पाचर टायरच्या खाली शिरते आणि टायर उचलला जातो. मग स्टीअरिंग कितीही फिरवा, चाकं पाण्यात वल्ही मारतात. अशा वेळी आणखी एक खूण असते, बघा आठवते का: इंजिनाचा आवाज एकाएकी वर गेला असेल. चाकांना अडवायला रस्ताच नसतो, म्हणून ती मोकळी फिरतात.

याचा हिशेब लागला तो विमानांमुळे. ओल्या धावपट्टीवर उतरणारी विमानं घसरायला लागली, तेव्हा नासाच्या लँग्ली केंद्रातल्या हॉर्न आणि ड्रेहर यांनी 1963 मध्ये त्यावरचं काम प्रसिद्ध केलं. त्यातून निघालेलं गणित इतकं सोपं आहे की मी ते भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय. टायरमधल्या हवेचा दाब पीएसआयमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, साधारण 16.7 ने गुणा. जो आकडा येईल त्या वेगाला, किलोमीटरमध्ये, टायर पाण्यावर तरंगायला लागतो. 36 हवा असेल तर वर्गमूळ 6, वेग 100. तुमच्या 24 ला हिशेब येतो 82 च्या आसपास. आणि तुम्ही नव्वदला होतात.

हे गणित गोटा झालेल्या टायरचं, किंवा पाणी नक्षीपेक्षा खोल असेल तेव्हाचं. पातळ पाण्यात तुमच्या दोन वर्षांच्या नक्षीने थोडी सूट दिली असती. पण डिव्हायडरजवळच्या डबक्यात पाणी बोटभर होतं, तिथे नक्षी बुडाली आणि गणित लागू झालं. यात गाडीचं वजन कुठेच येत नाही हेही बघा. "माझी गाडी जड आहे, मला काही होत नाही" म्हणणाऱ्यांना मी हेच दाखवतो.

ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर कंपनीचा स्टिकर असतो, त्यावर हवेचा आकडा आहे, तोच भरा. सकाळी, टायर थंड असताना. तुमच्या गाडीला बहुधा 30 ते 33 असेल. 33 ला तोच हिशेब 96 वर जातो. हवा जास्त भरून वेग आणखी वाढवण्याचा विचार मनात आला असेल तर तो काढून टाका. जास्त हवेने टायर मधोमध फुगतो आणि साध्या ओल्या रस्त्यावरची पकड जाते. वडिलांच्या कंबरेसाठी गाडीत उशी ठेवा. खरंच कडक लागत असेल तर एकदा शॉकअप तपासून घ्या: डिकीच्या कोपऱ्यावर जोर देऊन दाबा आणि सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीनदा डुलली तर शॉकअप संपलेत, आणि संपलेले शॉकअप टायरला पाण्यात उड्या मारायला लावतात.

पुन्हा तरंगलात तर ब्रेक नाही, वळवणं नाही. स्टीअरिंग सरळ धरा, पाय ॲक्सलरेटरवरून हळू उचला आणि गाडी खाली बसायची वाट बघा. एक-दोन सेकंदांचाच खेळ असतो, पण तेवढ्यात माणसं नको ते करतात. चाकं तिरकी करून बसलात तर पकड परत येते त्या क्षणी गाडी तिकडेच झेपावते. क्रूझ कंट्रोल असेल तर पावसात बंद ठेवा. पुढच्या गाडीच्या चाकांनी पाणी बाजूला सारून जे दोन पट्टे केलेले असतात त्यावरून चला, अंतर राखून. ते पट्टे पाण्याने लगेच भरताना दिसायला लागले की समजा, वेग उतरवायची वेळ झाली.

प्रश्न : राम राम. आमचं शेत सांवेरकडे आहे. पेरणीच्या दिवसांत पाऊस झाला की शेतातून निघून डांबरी रस्त्याला लागलं की गाडी साबणावरून चालल्यासारखी होते. पुढे साठच्या वर स्टीअरिंग इतकं थरथरतं की बॅलन्सिंग दोनदा करून घेतलं. दर वेळी दोन दिवसांनी पुन्हा तेच.
(एक शेतकरी वाचक)

उत्तर : भाऊ, बॅलन्सिंगचे पैसे वाया गेले. चाकाच्या आत बघा. रिमच्या आतल्या बाजूला काळी माती चिकटून वाळली असेल, एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. मुठीएवढी माती चाकाला लंगडं करायला पुरते. दुकानदाराने बाहेरून शिसं चिकटवलं, नंतर आतली माती गळून पडली, की ते शिसंच उलटं पडतं. आधी आतून पाण्याचा जोरदार मारा करून रिम स्वच्छ करा आणि जुनं शिसं काढून मगच एकदा बॅलन्सिंग करा.

घसरण्याचं म्हणाल तर माळव्याच्या काळ्या मातीला उपाय नाही. पाणी पिऊन फुगणारी चिकण ती, खाचा गच्च भरून टाकते, आणि खाचा भरलेला टायर म्हणजे गोटाच. रस्त्याला लागायच्या आधी काठीने खाचा मोकळ्या करा, पहिला किलोमीटर वीसच्या वेगाने चला, बाकीची माती चाक स्वतः फेकतं. शेतात अडकू नये म्हणून हवा कमी केली असेल तर डांबरीवर येताच परत भरा. आणि रस्त्यावर ट्रॅक्टरने आणलेला चिखल दिसला की तो पाण्यापेक्षा वाईट समजून हाताळा. पेरणीच्या दिवसांत दुचाकीवाले सगळ्यात जास्त तिथेच आडवे होतात. तुमचा ट्रॅक्टरही रस्त्यावर चढण्याआधी चार मिनिटं थांबून माती झाडत असेल तर मला फार आनंद होईल.

प्रश्न : आजोबा, मी इंजिनीअरिंगला आहे, बाबांची गाडी वापरतो. मागच्या आठवड्यात गुडघाभर पाण्यातून गाडी काढली. तेव्हापासून ब्रेक मारला की डावीकडे ओढते. शिवाय ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की पेडल कडकड करत पायाला मागे ढकलतं. मी घाबरून पाय काढतो. गाडी 2020 ची आहे.
(एक वाचक, सुदामानगर)

उत्तर : आधी दुसरं. ती कडकड म्हणजे एबीएस. एप्रिल 2019 पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या कारला ते सक्तीचं आहे, त्यामुळे तुझ्या गाडीत आहेच. चाक जाम व्हायला लागलं की ते ब्रेक सोडतं-धरतं, सेकंदात कितीतरी वेळा, म्हणजे चाक फिरत राहतं आणि तुला गाडी वळवता येते. तू पाय काढलास की ब्रेकच गेला. पेडल थरथरलं तरी पूर्ण दाबून ठेव आणि वळव. कुठल्यातरी मोकळ्या मैदानात, तीसच्या वेगाने, पावसात एकदा मुद्दाम करून बघ. बाबांना शेजारी बसव, नाहीतर घरी कळल्यावर माझं नाव निघेल.

एबीएस आहे म्हणून गाडी कमी अंतरात थांबेल असं मात्र धरू नकोस. ओल्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून कोरड्याच्या दुप्पट तरी अंतर ठेव.

आता ओढण्याचं. पाण्यातून निघाल्यावर लगेच ओढत असेल तर ब्रेक ओले आहेत: हळू चालवत दोन-चारदा हलका ब्रेक लाव, उष्णतेने वाळतात. आठवडाभर ओढतेय म्हणजे कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्या पिनांवर सरकतो त्यांच्यात पाणी आणि माती गेली. डावीकडे ओढते म्हणून लोक डावं चाक खोलून बसतात. पण फक्त ब्रेक लावल्यावरच ओढत असेल तर बहुतेकदा डावं बरोबर काम करत असतं आणि उजवं कामचुकार असतं. ब्रेक न लावताही डावीकडे जात असेल तर मात्र डावं अडकलंय. ओळखायची युक्ती: पाच-सहा किलोमीटर ब्रेक कमी वापरत चालव, उतर आणि दोन्ही पुढच्या रिमजवळ हात न लावता नुसता धरून बघ. एक चाक भट्टीसारखं तापलेलं असेल तर तेच अडकलंय. मेकॅनिककडून पिना साफ करून घे, आणि त्यांना ब्रेकसाठीचंच ग्रीस लावायला सांग. साध्या ग्रीसने आतलं रबर फुगतं आणि महिनाभरात पुन्हा हेच पत्र लिहावं लागेल.

आणि गुडघाभर पाण्यातून गाडी काढणं हे शौर्य नाही. इंजिनात पाणी गेलं असतं तर आपण आत्ता ब्रेकबद्दल बोलत नसतो.

आता उरलेल्या पत्रांची भराभर उत्तरं.

रीमोल्ड (जुन्यावर नवी नक्षी चढवलेले) टायर स्वस्तात मिळताहेत, घ्यावेत का? कारला नाही. त्यापेक्षा साधे का होईना, नवे घ्या.

रुंद टायर आणि मोठ्या रिमने पावसात पकड वाढेल का? कोरड्यात वाढते. साचलेल्या पाण्यावर रुंद टायर जास्त लवकर तरंगतो, कारण त्याला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. होडी बांधायची असेल तर चांगला बेत आहे.

पहिल्या पावसात रस्ता जास्त घसरडा का? उन्हाळाभर साठलेलं तेल, डिझेल आणि धूळ पहिल्या सरीत वर येतं, त्याचं लोणी होतं. चांगला जोराचा पाऊस झाला की ते धुऊन जातं. मावठ्याच्या भुरभुरीत तर ते धुतलंही जात नाही, म्हणून हिवाळ्यातली ती एक सर आषाढापेक्षा जास्त घसरवते. आपली महानगरपालिका रात्री रस्ते धुते, पहाटे दूध आणायला निघणाऱ्यांनी तेवढंच लक्षात ठेवावं. पांढरे पट्टे आणि गटारांची लोखंडी झाकणं ओली असताना त्यांवर ब्रेक लावू नये.

कुठल्या कंपनीचा टायर घ्यावा? हे मी लिहीत नाही. दुकानात गेल्यावर ते चार आकडे बघा आणि वर्षापेक्षा जुना माल परत करा.

धुलाईवाला टायरला काळं चकचकीत पॉलिश लावतो, त्याने काही होतं का? बाजूला लावलं तर फक्त दिसायला छान. जमिनीला लागतो त्या भागावर लावलं तर पहिल्या वळणापर्यंत सांभाळून. आणि पेडलवर अजिबात लावू देऊ नका. माझ्या भाच्याने हौसेने गाडी आतून-बाहेरून चमकवून आणली होती, ओल्या चपलेचा पाय ब्रेकवरून निसटून ॲक्सलरेटरवर गेला. माझ्या शेडच्या फाटकाला जो पोचा आहे तो त्या दिवसाचा.